पाऊस ‘सामान्य’, तरी पीक का करपले?

२०२३ च्या पावसाळ्याचा हिशेब सप्टेंबरअखेर मांडला गेला, तेव्हा मराठवाड्यातील पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ११ टक्के कमी भरला होता. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीप्रमाणे एवढी तूट ‘सामान्य’ पावसात मोडते. त्याच वर्षी अनेक शिवारांत सोयाबीनच्या शेंगा पोचट राहिल्या, मूग आणि उडीद हाती लागण्याआधीच वाळले, आणि ऑक्टोबरच्या शेवटी राज्य सरकारने दुष्काळी म्हणून जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत मराठवाड्यातील बरेच तालुके होते. पाऊस सामान्य आणि दुष्काळही खरा, हे एकाच वेळी कसे घडते, असा प्रश्न त्या वेळी पारावर बसणाऱ्या माणसांपासून शिकल्यासवरल्या मंडळींपर्यंत अनेकांनी विचारला. या प्रश्नाचे उत्तर पावसाच्या एकूण आकड्यात सापडत नाही. तो पाऊस कधी पडला, मध्ये किती दिवस थांबला आणि कोणत्या मातीवर पडला, यांत ते आहे.

आधी आकड्यांची भाषा समजून घेऊ. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर पडलेले एक लिटर पाणी. या हिशेबाने एक एकर रानावर एक मिलिमीटर पावसात सुमारे चार हजार लिटर पाणी पडते. पंचवीस मिलिमीटरचा एक चांगला पाऊस झाला, तर एकरभर जमिनीला एक लाख लिटर पाणी मिळते, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. आभाळातून फुकट येणारे हे पाणी विकत आणायचे ठरवले तर काय होईल, हे उन्हाळ्यात मोसंबीची बाग टँकरवर जगवलेल्या शेतकऱ्याला विचारावे.

हवामान विभाग १ जून ते ३० सप्टेंबर या १२२ दिवसांना नैर्ऋत्य मोसमी पावसाचा हंगाम मानतो. देशाची या हंगामाची दीर्घकालीन सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून ८७ सेंटिमीटर धरली आहे. महाराष्ट्राचे या कामासाठी चार विभाग पडतात. कोकण आणि गोवा मिळून एका विभागात सुमारे २,९०० मिलिमीटर, विदर्भात सुमारे ९४०, मध्य महाराष्ट्रात सुमारे ७५० आणि मराठवाड्यात सुमारे ६४० मिलिमीटर पाऊस अपेक्षित असतो. विभाग किंवा जिल्हा पातळीवर सरासरीच्या १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त एवढ्या पट्ट्यातील पाऊस ‘सामान्य’ म्हटला जातो. तूट २० ते ५९ टक्क्यांची असेल तर ‘अपुरा’ आणि ६० टक्क्यांच्या पुढे गेली तर ‘अत्यंत अपुरा’ अशी नोंद होते. म्हणजे १९ टक्के तूट असलेला जिल्हा आणि भरपूर पावसाचा जिल्हा नकाशावर एकाच रंगात दिसू शकतात. ही वर्गवारी चुकीची नाही. ती हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे आणि पिकाचे काय झाले हे सांगण्याचा तिचा दावाही नाही. मात्र वर्तमानपत्रात ‘पाऊस सामान्य’ असे छापून येते तेव्हा वाचणारा त्याचा अर्थ ‘पिके बरी’ असा घेतो, आणि घोटाळा तिथे सुरू होतो.

सरासरीचा दुसरा घोटाळा जागेचा आहे. मध्य महाराष्ट्र या एकाच विभागात महाबळेश्वर येते, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुकाही येतो, जिथे पाचशेच्या आसपास पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. अरबी समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते, घाटमाथ्यावर रिते होते, आणि पूर्वेकडे उतरणारा वारा कोरडा पडतो. घाटाच्या पाठीमागचा हा पर्जन्यछायेचा पट्टा नंदुरबारच्या पूर्व भागापासून सांगलीपर्यंत उभा पसरलेला आहे. अशा प्रदेशाची एकच सरासरी काढली, तर घाटमाथ्याचा पाऊस कागदावर पूर्वेकडच्या तालुक्यांची तूट झाकून टाकतो. म्हणून आकडा पाहायचा तो आपल्या महसूल मंडळाचा पाहावा. राज्यात महावेध प्रकल्पाखाली दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत. पिकांच्या नुकसानीसाठी २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की नाही, म्हणजे अतिवृष्टी झाली की नाही, हेही याच केंद्रांवरून ठरते. एका मंडळात अनेक गावे असतात आणि पावसाळी ढग गावाची शीव पाहून बरसत नाहीत, त्यामुळे एका केंद्राचा आकडा सगळ्या गावांना लावणे अनेकदा अन्यायाचे ठरते. तरीही तालुक्याच्या सरासरीपेक्षा तो आकडा आपल्या रानाच्या जवळचा असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. समजा, दोन गावांत हंगामात प्रत्येकी ६०० मिलिमीटर पाऊस झाला. पहिल्या गावात जूनमध्ये १३०, जुलैत १७०, ऑगस्टमध्ये १५० आणि सप्टेंबरमध्ये १५० मिलिमीटर पडला. दुसऱ्या गावात जून ६०, जुलै २४०, ऑगस्ट २० आणि सप्टेंबर २८० असा पडला. वर्षाच्या शेवटी दोन्ही गावांच्या नावापुढे एकच आकडा लिहिला जाईल. पहिल्या गावात पेरणी वेळेवर झाली, फुलोऱ्याच्या आणि शेंगा भरण्याच्या वेळी जमिनीत ओल होती. दुसऱ्या गावात पेरणी जुलैपर्यंत लांबली, जुलैच्या पावसात कोवळी रोपे पिवळी पडली, ऑगस्टमध्ये फूल गळाले आणि सप्टेंबरच्या पावसाने जे काही थोडे उभे होते त्याच्या शेंगांना कोंब फुटले. ही दोन गावे मी समजून सांगण्यापुरती घेतली आहेत, पण दुसऱ्या गावाची कहाणी २०२३ च्या फार जवळ जाणारी आहे. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात ८ जूनला आला आणि राज्यभर पोचेपर्यंत जून सरत आला होता. जुलै बरा गेला. नंतरचा ऑगस्ट देशपातळीवर १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या एका महिन्यात देशभर सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला.

पावसात पडलेल्या अशा अंतराला शेतकरी ‘खंड’ म्हणतात, आणि खंड किती दिवस सोसवेल हे माती ठरवते. वाढीला लागलेले, रान झाकून टाकणारे सोयाबीन दिवसाला साधारण चार ते पाच मिलिमीटर पाणी मातीतून ओढते. माळरानावरच्या हलक्या, मुरमाड जमिनीत हातभर खाली गेले की मुरूम लागतो. अशा जमिनीत पिकाला उपयोगी पडेल असे पाणी फार तर तीस-चाळीस मिलिमीटर साठते. भागाकार सोपा आहे: आठ-दहा दिवसांत ते संपते. मीटरभर खोल काळ्या जमिनीत दीडशे मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाणी मुरून राहू शकते, त्यामुळे तिथले पीक तीन-चार आठवडे तग धरते. म्हणून एकाच गावात, एकाच तारखेला, ओढ्याकाठच्या काळ्या रानात हिरवेगार पीक आणि टेकाडावर माना टाकलेले पीक दिसते. दोघांच्याही शिवारात पाऊस तेवढाच झालेला असतो.

हे जवळून पाहायचे असेल तर ऑगस्टच्या खंडात दुपारी दोनच्या सुमारास सोयाबीनच्या रानात जावे. पाने उलटी होऊन त्यांची पांढुरकी पाठ वर आलेली असते, म्हणजे झाड ऊन टाळू पाहत असते. संध्याकाळी तीच पाने पुन्हा सरळ झाली तर खाली अजून ओल आहे. सकाळी सहालाही पाने लोंबलेलीच असतील तर मुळांना पाणी मिळेनासे झाले आहे, आणि काळ्या जमिनीत तोवर बोट जाईल एवढ्या भेगा पडू लागलेल्या असतात. या भेगांतून आणखी खोलवरची ओल उडून जाते. कोळपणी करून, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती वरवर हलवून, वरची दोन बोटे माती भुसभुशीत ठेवली की भेगा बुजतात आणि ओल टिकते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे जुनी माणसे सांगत, ते याच कारणाने.

पिकाच्या वयातही काही दिवस फार नाजूक असतात. उगवणीनंतर महिनाभराचे सोयाबीन दहा दिवसांचा ताण सोसते, किंबहुना थोडा ताण मिळाला तर मुळे खोल जातात. पण फुलोरा आणि शेंगांत दाणे भरण्याच्या काळात आठवडाभराची ओढही उत्पादन निम्म्यावर आणू शकते. मूग साठ-पासष्ट दिवसांत येतो, त्यामुळे मधल्या खंडानंतर सावरायला त्याला वेळच नसतो. तूर याच्या अगदी उलट आहे. तिचे मूळ खोल जाते, ती डिसेंबर-जानेवारीपर्यंत रानात असते आणि सप्टेंबरच्या पावसावर पुन्हा उभी राहते. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेण्याची पद्धत या फरकावर उभी आहे. एकाचे गेले तर दुसऱ्याचे यावे, हा तिचा साधा हिशेब आहे.

जुन्या लोकांकडे हा सगळा वेळेचा हिशेब नक्षत्रांच्या रूपात होता. साधारण तेरा-चौदा दिवसांचे एक नक्षत्र धरून मृगापासून स्वातीपर्यंत पावसाळ्याचे तुकडे पाडलेले होते. मृगात पेरणी, आर्द्रात उगवण, मघा-पूर्वात फुलोरा आणि भरणी, हस्ताच्या पावसावर रब्बीची तयारी, असा तो क्रम. नक्षत्रामुळे पाऊस पडतो असे मानण्याचे कारण नाही. सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे, यावरून मोजलेले ते ऋतूचे पंचांग आहे. पण ‘या वर्षी मघा कोरड्या गेल्या’ असे आजोबा म्हणत तेव्हा त्या एका वाक्यात पावसाची तूट, तिची वेळ आणि पिकाची अवस्था असे तिन्ही येत असे. ‘हंगामात ११ टक्के तूट’ या वाक्यात त्यांतले एकच येते.

पेरणीच्या बाबतीत कृषी विभागाचा सल्ला असा असतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत वाफसा, म्हणजे ओल असूनही चिखल नाही अशी स्थिती, आल्याशिवाय चाढ्यावर मूठ धरू नये. यामागे तेच मातीचे गणित आहे. पहिल्या वीस-तीस मिलिमीटरच्या पावसात फक्त वरचा थर भिजतो, उन्हाळाभर तापलेली जमीन ते पाणी लगेच पिऊन टाकते, आणि उगवलेले रोप पाऊस लांबला की आठवडाभरात सुकते. मग दुबार पेरणी येते. बियाणे, खत आणि मजुरी दुसऱ्यांदा घालावी लागते आणि हंगामातले पंधरा-वीस दिवस गेले ते परत मिळत नाहीत. शेजाऱ्याची पेरणी झाली म्हणून घाई होते, हे मला समजते. पण जूनच्या त्या दहा दिवसांत धीर धरल्याने जेवढे नुकसान टळते, तेवढे पुढे कोणत्याही अनुदानातून भरून निघत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

दुष्काळ हा शब्दही आपण एकाच अर्थाने वापरतो, पण तो पायरीपायरीने उतरत येतो. आधी पाऊस कमी पडतो. मग मातीतली ओल संपून पिके वाळतात. त्यानंतर ओढे, विहिरी आणि धरणे आटतात, आणि शेवटी चारा, मजुरी व पिण्याचे पाणी यांवर घाला येतो. या पायऱ्या दरवेळी याच क्रमाने येतील असे नाही. १९७२ च्या दुष्काळात धान्य नव्हते. परदेशातून आलेला मिलो (लाल ज्वारी) खाऊन आणि दुष्काळी कामावर सुकडी घेऊन माणसे जगली. पण विहिरींना हातभर का होईना पाणी होते, असे ती वर्षे पाहिलेली माणसे सांगतात. त्या कामांच्या अनुभवातूनच पुढे १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी कायदा झाला. २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षे मराठवाड्यात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला, तेव्हा रेशनच्या दुकानात धान्य होते आणि नळाला पाणी नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एक कोरडे वर्ष भूजलावर निघते, दुसऱ्या वर्षी ते भूजलच नसते.

यालाही जमिनीखालचे कारण आहे. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. हा दगड पाणी शोषत नाही. पाणी साठते ते त्याच्या वरच्या कुजलेल्या, झिजलेल्या थरात आणि भेगांत. ही साठवण उथळ असते, एका चांगल्या पावसाळ्यात भरते आणि बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यापर्यंत रिकामी होते. आठशे फूट बोअर घेतला म्हणून खाली मोठा साठा सापडेल, ही आशा या दगडात क्वचितच खरी ठरते. धरणांचे गणित आणखी वेगळे. पैठणच्या जायकवाडीत येणारे पाणी बहुतांशी नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत पडलेल्या पावसाचे असते. पैठणला महिनाभर थेंब नसताना नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरू शकतो आणि आपल्याकडे झड लागली असताना रिकामा राहू शकतो. त्यामुळे धरण किती टक्के भरले ही बातमी कालव्याखालच्या शेतीला उपयोगाची आहे, माळावरच्या कोरडवाहू शेतीची स्थिती त्यावरून कळत नाही.

सरकारी पातळीवर दुष्काळ ठरवण्याची रीत २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर बदलली. त्याआधी सगळा भार पैसेवारीवर होता. गावातील पिकाचे उत्पादन नेहमीच्या प्रमाण उत्पादनाशी ताडून ते रुपयात किती पैसे, असे मांडायचे, आणि ५० पैशांच्या आत आले तर टंचाई मानायची, ही ती पद्धत. अंतिम पैसेवारी डिसेंबरात लागत असल्याने मदत पोचेपर्यंत उन्हाळा येई. नव्या संहितेत पहिली कळ पावसाची आहे. पावसाची तूट किंवा खंड ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ती दाबली जाते. सलग तीन ते चार आठवडे, आणि हलक्या जमिनीत दोन आठवडे, नेहमीच्या निम्म्याहून कमी पाऊस झाला तर तो खंड धरला जातो. मातीचा फरक इथे कागदावर आला, ही मला या संहितेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. त्यानंतर पेरणीचे क्षेत्र, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, मातीतील ओलावा आणि जलाशय-भूजलाची स्थिती हे निर्देशांक पाहिले जातात. शेवटी तालुक्यातील दहा टक्के गावे निवडून प्रत्यक्ष शेतात पाहणी होते आणि मध्यम किंवा गंभीर दुष्काळ ठरतो. २०१८ मध्ये राज्यात असे १५१ तालुके जाहीर झाले होते.

या पद्धतीत उणिवा आहेतच. उपग्रहाला हिरवे रान दिसते, त्यातली शेंग भरली आहे की पोचट आहे हे दिसत नाही. बागायती ऊस आणि बांधावरचे गवतही त्याच हिरव्या रंगात मिसळते. शिवाय तालुका हे एकक मोठे पडते. २०२३ मध्ये ४० तालुक्यांच्या घोषणेनंतर उरलेल्या तालुक्यांतून नाराजी उमटली, तेव्हा ज्या महसूल मंडळांत सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस झाला, अशा सुमारे एक हजार मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर करून सवलती लागू कराव्या लागल्या. या सवलतींत जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता आणि गरजेप्रमाणे टँकर यांचा समावेश असतो. रोख मदत ही याहून वेगळी बाब आहे आणि दोन्हींची गल्लत केल्याने अनेकांचा भ्रमनिरास होतो.

अंदाजांविषयी थोडक्यात. एप्रिल आणि मेअखेर हवामान विभाग जो हंगामी अंदाज देतो, त्यातला टक्क्यांचा आकडा पूर्ण देशासाठी असतो. ‘१०० टक्के पाऊस’ याचा अर्थ आपल्या तालुक्यात शंभर टक्के, असा होत नाही. प्रशांत महासागराचे पाणी तापले, म्हणजे एल निनो आला, की दुष्काळाची शक्यता वाढते, पण खात्री होत नाही: १९९७ मध्ये मोठा एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीएवढा झाला आणि २०१५ मध्ये तो ८६ टक्क्यांवर आला. पेरणी, फवारणी आणि काढणी यांसाठी उपयोगी पडतो तो पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज. तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ल्यासह प्रसिद्ध होतो आणि मेघदूत ॲपवर मराठीत वाचता येतो.

शेवटचा आकडा मात्र आपल्या रानातच मिळतो. सरळ बाजूंचा, तळ सपाट असलेला एक डबा झाडाझुडपांपासून दूर, उघड्यावर, पक्का बसवावा. सरकारी केंद्रांवर पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, तीच वेळ आपणही ठेवावी. डब्यात उभी पट्टी धरावी, पाणी किती मिलिमीटर चढले ते तारखेसह वहीत लिहावे आणि डबा रिता करून पुन्हा ठेवावा. पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहावे, कारण खंड मोजायचा तो या शून्यांवरूनच. २०२३ मध्ये पीकविम्याच्या अग्रिमासाठी, म्हणजे आगाऊ भरपाईसाठी, २१ दिवसांच्या खंडावरून वाद झाले, तेव्हा केंद्रावर पडलेली एक सर आणि आपल्या रानात न पडलेली सर यांतला फरक दाखवायला शेतकऱ्याच्या हाती काहीच नव्हते. अशी वही कायदेशीर पुरावा म्हणून केंद्राच्या नोंदीची जागा घेत नाही, पण ग्रामसभेत आणि पाहणीला आलेल्या पथकापुढे ती ठेवता येते. ऑक्टोबरमध्ये ज्वारी पेरायची की हरभरा, की रान पडीक ठेवायचे, हे ठरवतानाही तिचा उपयोग होतो. वीतभर खोल खड्डा करून तळाची मूठभर माती दाबावी. गोळा झाला आणि तो कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर पेरणीजोगी ओल आहे. गोळाच झाला नाही, तर सप्टेंबरच्या पानावर कितीही मोठी बेरीज लिहिलेली असली, तरी ते पाणी जमिनीत मुरलेले नाही.